मल्टिपल स्क्लेरोसिस आणि नाल्ट्रेक्सोनची अल्प मात्रा : आशा किती, आधार किती?

तिशीच्या आसपासच्या एखाद्या शिक्षिकेची एका डोळ्याची दृष्टी अचानक मंद होते. डोळा हलविला की दुखतो. काही आठवड्यांत दृष्टी बऱ्याच अंशी परत येते आणि घरातील मंडळी निश्चिंत होतात. वर्ष-दोन वर्षांनी तिच्या पायांना मुंग्या येऊ लागतात, चालताना तोल जातो, फळ्यासमोर अर्धा तास उभे राहणेही जड जाते. पुन्हा काही काळाने बरे वाटते. कोणी म्हणते अशक्तपणा आहे, कोणी म्हणते मनाचा खेळ आहे, तर कोणी बाहेरची बाधा सुचविते. अशा येणाऱ्या-जाणाऱ्या लक्षणांमागे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा विकार असू शकतो.

या विकाराचे निदान झालेल्या रुग्णांच्या व त्यांच्या नातेवाइकांच्या कानी आज ना उद्या एका स्वस्त गोळीची माहिती येते. व्यसनमुक्तीच्या उपचारांत वापरले जाणारे नाल्ट्रेक्सोन हे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाइतके वा त्याहूनही कमी घेतल्यास या रोगात गुण येतो, असे अनेक रुग्ण मनापासून सांगतात. हा दावा कितपत खरा आहे, त्यामागे कोणती शास्त्रीय कल्पना आहे आणि रुग्णाने कोणता धोका टाळला पाहिजे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

विकाराचे स्वरूप

पॅरिस येथील साल्पेत्रियेर रुग्णालयातील विख्यात वैद्य झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये या विकाराचे पहिले सुस्पष्ट वर्णन केले. मृत रुग्णांच्या मेंदूत व मज्जारज्जूत त्यांना जागोजागी कठीण झालेले चट्टे आढळले. ‘मल्टिपल’ म्हणजे अनेक आणि ‘स्क्लेरोसिस’ म्हणजे काठिण्य. रोगाचे नाव या चट्ट्यांवरूनच पडले आहे.

विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टन असते, तसे आपल्या मज्जातंतूंवर मायेलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. या आवरणामुळे मेंदूचे संदेश वेगाने व न गळता शरीरभर पोहोचतात. या विकारात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच परके व आपले यांतील भेद विसरते आणि या आवरणावर हल्ला चढविते. आवरण झिजले की संदेश मंदावतो, अडखळतो किंवा थांबतो. हल्ला दृष्टीच्या तंतूंवर झाला तर दृष्टी जाते, मज्जारज्जूवर झाला तर पाय ताठरतात अथवा मूत्राशयावरील ताबा सुटतो. हल्ला ओसरला की सूज उतरते, आवरणाची थोडीफार दुरुस्ती होते आणि लक्षणे कमी होतात. तथापि प्रत्येक हल्ल्यानंतर काही हानी शिल्लक राहू शकते व ती साचत जाते.

सुमारे ८५ टक्के रुग्णांमध्ये रोगाची सुरुवात अशा चढउतारांनी होते. उरलेल्यांमध्ये तो प्रारंभापासूनच हळूहळू वाढत जातो. रोग बहुधा २० ते ४० या वयात सुरू होतो आणि स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून अधिक आहे. जगभर या विकाराचे २८ लाखांहून अधिक रुग्ण आहेत. भारतात तो युरोप-अमेरिकेच्या मानाने विरळ आहे. मात्र मुंबई व पुणे येथील पारशी समाजात तो इतर भारतीयांपेक्षा अधिक आढळतो, हे १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने दाखवून दिले होते. चुंबकीय प्रतिमा घेणारी यंत्रे, म्हणजे एम. आर. आय., जसजशी उपलब्ध होत गेली, तसतसे आपल्याकडेही निदान होण्याचे प्रमाण वाढले.

प्रस्थापित उपचार

हा रोग मुळापासून बरा करणारे औषध अद्याप नाही. परंतु त्याला आवर घालणारी औषधे आहेत. हल्ला आला असता स्टेरॉइडची इंजेक्शने देऊन त्याचा कालावधी कमी करता येतो. मात्र पुढचा हल्ला टाळण्याचे सामर्थ्य त्यांत नाही. ते सामर्थ्य असलेले पहिले औषध, बीटा इंटरफेरॉन, अमेरिकेत १९९३ मध्ये संमत झाले. त्यामुळे हल्ल्यांची संख्या सुमारे एक-तृतीयांशाने घटली. त्यानंतर अधिक प्रभावी औषधे येत गेली. प्रारंभापासून वाढत जाणाऱ्या प्रकारासाठीही २०१७ मध्ये ओक्रेलिझुमॅब हे पहिले औषध संमत झाले.

या औषधांपुढील मोठी अडचण किमतीची आहे. ती वर्षानुवर्षे घ्यावी लागतात, काही शिरेतून द्यावी लागतात आणि त्यांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्यासाठी वारंवार तपासण्या कराव्या लागतात. मध्यमवर्गीय कुटुंबालाही हा भार पेलणे कठीण जाते, मग शेतकरी वा मजूर कुटुंबाची गोष्टच वेगळी. अशा वेळी एखादी स्वस्त गोळी पुरेशी आहे असे कोणी सांगितले, तर मन तिकडे ओढ घेते, हे स्वाभाविक आहे.

व्यसनमुक्तीचे औषध नव्या वाटेने

नाल्ट्रेक्सोनची कथा अफूपासून सुरू होते. अफूतील मॉर्फिन व त्याच्याच कुळातील हेरॉइन ही द्रव्ये मेंदूतील पेशींवरच्या विशिष्ट ग्राहींना जाऊन चिकटतात. ग्राही हे कुलूप मानले, तर ही द्रव्ये त्याची किल्ली होत. नाल्ट्रेक्सोन त्याच कुलपात जाऊन बसते, पण कुलूप उघडत नाही. खरी किल्ली मग आत शिरू शकत नाही. नशा येत नाही, म्हणून व्यसन सुटण्यास साहाय्य होते. अफूजन्य व्यसनांवरील उपचारासाठी अमेरिकेत १९८४ मध्ये हे औषध संमत झाले आणि पुढे मद्यासक्तीसाठीही ते वापरात आले. त्याची प्रचलित मात्रा दिवसाला ५० मिलिग्रॅम आहे. आपल्याकडील व्यसनमुक्तीच्या उपचारांतही ते परिचित आहे.

परंतु मानवी शरीरात अफूचे कुलूप मुळात असावेच कशाला? स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे जॉन ह्यूज व हान्स कोस्टरलिट्झ यांनी १९७५ मध्ये या प्रश्नाचे उत्तर शोधले. शरीर स्वतःच अफूसारखी द्रव्ये तयार करते, असे त्यांनी दाखवून दिले. एन्केफॅलिन व एंडॉर्फिन या नावांनी ती ओळखली जातात. वेदना शमविण्यात त्यांचा वाटा आहे आणि रोगप्रतिकारक पेशींवरही त्यांचा परिणाम होतो.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाचे इयन झॅगन आणि पॅट्रिशिया मॅक्लॉफलिन यांनी १९८३ मध्ये उंदरांवरील एक लक्षणीय प्रयोग प्रसिद्ध केला. नाल्ट्रेक्सोनची मोठी मात्रा दिली असता ग्राही दिवसभर बंद राहिले आणि उंदरांतील गाठी वाढल्या. अल्प मात्रेने ते दिवसातून केवळ चार ते सहा तास बंद राहिले आणि गाठींची वाढ मंदावली. एकाच औषधाचे मात्राभेदाने परस्परविरुद्ध परिणाम दिसले. ग्राही थोडा वेळ अडविले की शरीर त्याची भरपाई म्हणून स्वतःची द्रव्ये अधिक निर्माण करते व ग्राहीही अधिक संवेदनशील होतात, अशी उपपत्ती यातून पुढे आली. मेंदूतील दाह वाढविणाऱ्या काही पेशी या औषधाने शांत होत असाव्यात, अशी दुसरीही एक उपपत्ती आहे.

न्यूयॉर्कमधील वैद्य बर्नार्ड बिहारी यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यास एड्सच्या रुग्णांना ही अल्प मात्रा देण्यास आरंभ केला. पुढे मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांमध्येही तिचा प्रसार झाला. रात्री झोपताना १.५ ते ४.५ मिलिग्रॅम घेण्याची प्रथा रूढ झाली.

चाचण्यांनी काय दाखविले?

उपपत्ती कितीही आकर्षक असली, तरी औषधाचा निवाडा रुग्णांवरील चाचणीनेच होतो. या बाबतीत तीन चाचण्यांचा उल्लेख आवश्यक आहे.

इटलीमध्ये प्रारंभापासून वाढत जाणाऱ्या प्रकाराच्या ४० रुग्णांना सहा महिने ही अल्प मात्रा देण्यात आली. २००८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध बहुतेकांना मानवले आणि स्नायूंचा ताठरपणा कमी झाल्याचे आढळले. परंतु येथे सर्वांनाच औषध दिलेले होते. तुलनेसाठी औषध न दिलेला दुसरा गट नव्हता.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतील चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ८० रुग्ण दाखल झाले व ६० जणांची माहिती हिशेबात घेता आली. प्रत्येकाने आठ आठवडे ४.५ मिलिग्रॅमचे औषध व आठ आठवडे तशीच दिसणारी, पण औषधी गुण नसलेली गोळी घेतली. केव्हा कोणती गोळी चालू आहे, हे रुग्णास वा तपासणाऱ्यास ठाऊक नव्हते. औषधाच्या काळात मानसिक स्वास्थ्य, वेदनेचा त्रास आणि स्मरण-एकाग्रतेविषयीच्या तक्रारी यांत काहीशी सुधारणा रुग्णांनी नोंदविली. शारीरिक क्षमतेत मात्र फरक पडला नाही.

त्याच वर्षी इराणमधील ९६ रुग्णांवरील अशाच पद्धतीची १७ आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत औषध व निर्गुण गोळी यांच्या परिणामांत उल्लेखनीय फरक आढळला नाही. औषधाने गंभीर अपायही झाला नाही.

या तिन्हींचा मेळ घातल्यास चित्र असे दिसते. अल्प मात्रा बहुधा निर्धोक आहे. काहींना तिने बरे वाटत असावे, पण तेही निर्विवाद नाही. रोगाचे हल्ले थांबतात किंवा अपंगत्व टळते, याला या चाचण्यांत आधार नाही. तसा आधार मिळण्यासाठी शेकडो रुग्णांवर दोन-दोन वर्षे चाचणी करावी लागते. आठ आठवड्यांत या रोगाचे चढउतारही पुरते दिसत नाहीत. याच कारणाने या विकारासाठी नाल्ट्रेक्सोनला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने संमती दिलेली नाही.

नॉर्वेचा अनुभव

लोकांची आशा किती वेगाने पसरते, हे नॉर्वेत दिसून आले. तेथे २०१३ च्या प्रारंभी दूरदर्शनवरून या औषधाविषयी एक माहितीपट दाखविण्यात आला. तोपर्यंत फारसे कोणी न घेणारे हे औषध पुढील वर्षभरात देशातील दर हजारी सुमारे तीन व्यक्तींनी घेतले. नॉर्वेत प्रत्येक चिठ्ठीची मध्यवर्ती नोंद होते. त्यामुळे पुढे काय झाले हे तपासता आले. अल्प मात्रेतील नाल्ट्रेक्सोन घेऊ लागलेल्या मल्टिपल स्क्लेरोसिसच्या ३४१ रुग्णांच्या नोंदी अभ्यासून २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. या रुग्णांच्या इतर औषधांची गरज घटल्याचे त्यात आढळले नाही. औषध खरोखर प्रभावी असते, तर ताठरपणावरील वा अन्य गोळ्यांची मागणी कमी झालेली दिसावयास हवी होती.

अनुभव खरा, अनुमान चुकीचे

मग ‘मला गुण आला’ असे सांगणारे रुग्ण असत्य बोलतात काय? मुळीच नाही. त्यांचा अनुभव खरा असतो. प्रश्न त्या अनुभवावरून काढलेल्या अनुमानाचा आहे.

नदीला महापूर आला असता गाव तिची ओटी भरते. दुसऱ्या दिवशी पाणी उतरते. पाणी उतरले हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. परंतु ओटी भरण्याची वेळ येते ती पूर शिगेला पोहोचल्यावर, आणि शिगेला पोहोचलेला पूर त्यानंतर ओसरणारच असतो. मल्टिपल स्क्लेरोसिसचेही तसेच आहे. माणूस नवा उपाय शोधतो तो त्रास पराकोटीला गेल्यावर. त्यानंतरचे आठवडे निसर्गतःच उताराचे असू शकतात. त्यात नव्या औषधाविषयीच्या उमेदीने मनाला येणारी उभारी मिसळते. ज्यांना गुण येत नाही ते गप्प बसतात आणि ज्यांना येतो ते चार जणांना सांगतात. म्हणून ज्या रोगात चढउतार स्वाभाविक आहेत, त्या रोगात तुलनेच्या गटाशिवाय औषधाचा निवाडा करताच येत नाही.

जुन्या औषधाचा नवा उपयोग : एक उदाहरण

एका रोगाचे औषध दुसऱ्या रोगात वापरणे मुळातच गैर आहे, असा याचा अर्थ नव्हे. रिटुक्सिमॅब या औषधाचे उदाहरण बोलके आहे. ते एका प्रकारच्या कर्करोगासाठी निर्माण झाले. तेच मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये उपयोगी पडेल, अशी अपेक्षा निर्माण झाली. त्याच्या उत्पादकालाही या नव्या उपयोगासाठी पैसा गुंतविण्यात विशेष रस उरला नव्हता. परंतु स्वीडनमध्ये सार्वजनिक निधीच्या आधाराने सुमारे २०० रुग्णांवर दोन वर्षांची चाचणी घेण्यात आली. २०२२ मध्ये तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रिटुक्सिमॅब घेणाऱ्यांपैकी ३ टक्के रुग्णांना पुन्हा हल्ला आला. त्या काळी मान्य असलेले दुसरे औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये या रोगासाठीच्या आवश्यक औषधांच्या यादीत रिटुक्सिमॅबचा समावेश केला. या औषधाच्या भारतीय आवृत्त्या २००७ पासून आपल्या देशात तयार होत आहेत.

दोन्ही औषधे जुनी आणि दोन्ही मूळ उद्देशाबाहेर वापरलेली. एक मोठ्या चाचणीच्या कसोटीला उतरले, दुसरे अद्याप त्या कसोटीपर्यंत पोहोचलेले नाही. नाल्ट्रेक्सोनचे एकस्व केव्हाच संपले आहे. ज्या औषधातून नफा मिळावयाचा नाही, त्याच्या चाचणीवर खासगी कंपनी खर्च करीत नाही. तेव्हा अशा स्वस्त औषधांची परीक्षा हे सार्वजनिक संस्थांचेच काम ठरते. ती परीक्षा होईपर्यंत ‘सिद्ध झाले’ असेही म्हणता येत नाही आणि ‘थोतांड आहे’ असेही म्हणता येत नाही.

रुग्णाने घ्यावयाची काळजी

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की अल्प मात्रेतील नाल्ट्रेक्सोनच्या भरवशावर चालू असलेले प्रस्थापित औषध बंद करू नये. नॅटालिझुमॅब व फिंगोलिमॉडसारखी काही औषधे एकाएकी थांबविल्यास रोग पूर्वीपेक्षा अधिक जोराने उसळू शकतो. तेव्हा झालेली हानी नंतर औषध पुन्हा सुरू करूनही भरून येईलच असे नाही.

दुसरी गोष्ट, ट्रॅमाडॉल, कोडीन, मॉर्फिन अशी अफूवर्गीय वेदनाशामके घेणाऱ्याने नाल्ट्रेक्सोन घेऊ नये. वेदनाशामकाचा परिणाम नाहीसा होऊन घाम, उलट्या, तीव्र अस्वस्थता अशी लक्षणे उद्भवू शकतात. शस्त्रक्रिया व्हावयाची असल्यास हे औषध चालू असल्याचे भूल देणाऱ्या डॉक्टरांना अगोदर सांगणे अत्यावश्यक आहे. यकृताचा विकार असणाऱ्यांनी विशेष सावध राहावे.

तिसरी गोष्ट मात्रेची. प्रचलित गोळी ५० मिलिग्रॅमची, तर अल्प मात्रा ४.५ मिलिग्रॅमची, म्हणजे गोळीचा जेमतेम अकरावा भाग. घरी सुरीने तुकडे करून वा अंदाजाने पाण्यात विरघळवून ही मात्रा अचूक मिळत नाही. ज्यांना हे औषध घेऊन पाहावयाचे असेल, त्यांनी मज्जाविकारतज्ज्ञांशी मोकळेपणाने बोलावे, त्यांच्या चिठ्ठीवर व देखरेखीखाली आणि चालू उपचारांना जोड म्हणूनच ते घ्यावे. झोप चाळवणे व ठळक स्वप्ने पडणे या तक्रारी प्रारंभी अनेकांना जाणवतात. डॉक्टर रागावतील या भीतीने औषध लपवून घेणे हे सर्वांत धोक्याचे होय.

आपला वाटा

या विकाराचा रुग्ण वरकरणी धडधाकट दिसतो. त्याला येणारा थकवा हा आळस नव्हे, तर रोगाचे लक्षण आहे. उष्णतेने त्याचा त्रास तात्पुरता वाढतो, म्हणून वैशाखाच्या दिवसांत त्याला दुपारच्या उन्हातील काम देऊ नये. मुख्याध्यापकांनी अशा शिक्षकास तळमजल्यावरील वर्ग द्यावा, कार्यालयप्रमुखांनी बसून करण्याचे काम द्यावे, यासाठी कोणत्याही स्वतंत्र आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात नमूद केलेल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश आहे. ही बाब अनेक रुग्णांना ठाऊक नसते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळविण्यासाठी ग्रामपंचायत सदस्यांनी त्यांना मार्गदर्शन करावे. रुग्णांना आधार देण्यासाठी १९८५ पासून काम करीत असलेल्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेची माहितीही त्यांच्यापर्यंत पोहोचवावी.

गावातील शिक्षक, तलाठी वा ग्रामसेवक यांच्याकडे लोक सल्ल्यासाठी येतात. कोणी अशा गोळीविषयी विचारले, तर आशेची थट्टा करू नये आणि तिला खतपाणीही घालू नये. ‘डॉक्टरांना विचारून घ्या, पण चालू औषध सोडू नका’ एवढे एक वाक्य सांगितले, तरी एखाद्या तरुण माणसाचे पाय व डोळे वाचण्यास त्याचे साहाय्य होईल.